कोर्टाची परवानगी मिळाली, पुढची रात्र सिस्टरची: गर्भपाताच्या वॉर्डात नर्स काय करू शकते, काय नाही

वर्षातून चार-सहा वेळा तरी अशी बातमी येते. कुणाला सव्वीस आठवड्यांच्या गर्भपाताला उच्च न्यायालयाने परवानगी दिली, कुणाला नाकारली. न्यायमूर्ती काय म्हणाले, डॉक्टरांच्या मंडळाने काय अहवाल दिला, वकिलांनी काय युक्तिवाद केला, सगळं छापून येतं आणि बातमी तिथे संपते. ती बाई मात्र त्यानंतर वॉर्डात दाखल होते. पुढचा दीड-दोन दिवस तिच्या खाटेजवळ सगळ्यात जास्त वेळ ड्युटीवरची नर्स असते, आणि तिच्याविषयी बातमीत एक ओळही नसते.

निर्णय नर्सने घेतलेला नसतो. सही तिची नसते. तिचं मत कुणी विचारलेलं नसतं. पण कळा येतील तेव्हा हात धरायचा तिने, आणि बाहेर येईल ते हातात घ्यायचंही तिनेच. अशा वेळी तिला आतून जे वाटतं त्याचं काय करायचं, हा प्रश्न जगभरच्या न्यायालयांत गेला आहे. आपल्याकडे तो वॉर्डातच गिळला जातो. माझं मत आधीच सांगून टाकते: नर्सला तिचं मत असू द्यावं, त्याची सोय हॉस्पिटलने करावी, आणि त्याची झळ खाटेवरच्या बाईला अजिबात लागू नये.

आधी कायदा, थोडक्यात

गर्भपात हा आपल्याकडे मुळात गुन्हा आहे. पूर्वी भारतीय दंड विधानात होता, आता भारतीय न्याय संहितेच्या कलम ८८ मध्ये आहे. या गुन्ह्याला अपवाद करणारा कायदा म्हणजे १९७१ चा वैद्यकीय गर्भपात कायदा. वॉर्डात सगळे त्याला एमटीपी म्हणतात, मीही तेच म्हणेन. ज्या समितीच्या शिफारशीवरून तो आला, तिचे अध्यक्ष शांतिलाल शहा हे त्या काळी महाराष्ट्राचे आरोग्यमंत्री होते.

२०२१ च्या दुरुस्तीनंतरचं चित्र असं: वीस आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत पुरतं. वीस ते चोवीस आठवड्यांत दोन डॉक्टर लागतात, आणि ही मुदत काही ठरावीक गटांनाच मिळते: बलात्कारपीडित, अल्पवयीन मुली, गर्भारपणात विधवा झालेल्या किंवा घटस्फोट झालेल्या बायका, अपंग बायका वगैरे. चोवीसच्या पुढे गर्भात गंभीर व्यंग असेल तर राज्याचं वैद्यकीय मंडळ ठरवतं. बाईचा जीवच धोक्यात असेल तर आठवड्यांची अट नाही. २९ सप्टेंबर २०२२ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने अविवाहित बायकांनाही वीस ते चोवीसच्या गटात घेतलं.

या सगळ्यात नर्स कुठे आहे? कुठेच नाही. कायदा फक्त नोंदणीकृत, प्रशिक्षित डॉक्टरविषयी बोलतो. डॉक्टर सोडून दुसऱ्या कुणी गर्भपात केला तर दोन ते सात वर्षं सक्तमजुरी. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांत सांगितलं आहे की सुरुवातीच्या आठवड्यांतला गर्भपात प्रशिक्षित नर्स आणि सुईणी सुरक्षितपणे करू शकतात. आपल्याकडेही २०१४ च्या मसुद्यात तसा प्रस्ताव होता, पण तो बारगळला. म्हणजे कायद्याने नर्सला अधिकार दिला नाही, आणि काम मात्र जवळपास सगळं तिच्याकडे आहे. तिच्या बऱ्याच घुसमटीचं मूळ इथे आहे.

लवकरचा आणि उशिराचा, यांत एवढा फरक काय?

नऊ आठवड्यांपर्यंत गोळ्यांनी काम होतं, बाई बहुतेकदा घरीच असते. बारा आठवड्यांपर्यंत पिशवीतला गर्भ मशिनने ओढून घेतात, दहा-पंधरा मिनिटांचं काम, आणि ते डॉक्टर करतात. या टप्प्यात बहुतेक नर्सना फारसा त्रास होत नाही.

चौथ्या-पाचव्या महिन्यानंतर सगळं बदलतं. पहिली गोळी दिल्यावर एक-दोन दिवसांनी दुसऱ्या गोळ्या सुरू होतात, साधारण दर तीन तासांनी. मग बाळंतपणासारख्याच कळा. डॉक्टर राउंडला येतात, ऑर्डर लिहितात, दुसरीकडे सिझेरियन असतं तिकडे जातात. नर्स नाडी बघते, बीपी बघते, पॅड किती भिजला ते लिहिते. गोळ्यांनी ताप चढतो, हुडहुडी भरते, दात वाजायला लागतात. ‘‘ही गोळीची थंडी आहे, थोड्या वेळात जाईल,’’ असं आधीच सांगितलेलं असेल तर बाई निभावून नेते. सांगितलं नसेल तर ती मरणाच्या भीतीने किंचाळते. सांगायला अर्धं मिनिट लागतं, पण ते अर्धं मिनिट द्यावंसं वाटणं यातच नर्सची नैतिकता दिसते. कोर्टाच्या निकालात ते कुठे लिहिलेलं नसतं.

गर्भ बाहेर पडतो तो अनेकदा रात्रीच, आणि बऱ्याचदा बेडपॅनमध्ये. नर्स नाळ कापते, वार पूर्ण आली का ते पाहते, नाही आली तर डॉक्टरांना बोलावते. जैववैद्यकीय कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांप्रमाणे जगू न शकणाऱ्या मुदतीचा गर्भ पिवळ्या पिशवीत जातो. त्याच वेळी खाटेवरची बाई विचारते, ‘‘सिस्टर, मुलगा होता का मुलगी?’’ किंवा ‘‘एकदा बघू का?’’ व्यंगामुळे हवंहवंसं मूल गमावलेली आई असेल तर ती त्याला घरी न्यायला मागते, पुरायला. कुणी तोंड फिरवून म्हणते, मला काही सांगूच नका. प्रत्येकीला वेगळं उत्तर द्यावं लागतं आणि कुठल्याही केसपेपरवर त्याची ऑर्डर नसते.

यातल्या कित्येक नर्स गर्भपाताच्या विरोधात नसतात. कायदा त्यांना मान्य असतो, बाईची अडचणही कळत असते. तरी हात थरथरतो. हे विरोधाचं लक्षण समजू नये. ते माणूस असल्याचं लक्षण आहे, आणि त्याबद्दल तिला दुसऱ्या दिवशी कुणी विचारलंसुद्धा नाही तर ती हळूहळू निबर होते. वॉर्डातल्या तुसडेपणाचा बराचसा भाग या न विचारलेल्या रात्रींतून येतो, असं मला वाटतं.

आणि मूल जिवंत जन्मलं तर?

बोलायला सगळ्यात अवघड प्रश्न हाच. चोवीस आठवड्यांच्या आसपास आणि पुढे, बाहेर आलेल्या जीवात धुगधुगी असण्याची शक्यता असते. म्हणून जिथे तज्ज्ञ आहेत तिथे आधी इंजेक्शन देऊन गर्भाचं हृदय थांबवतात. सगळीकडे असे तज्ज्ञ नसतात.

ऑक्टोबर २०२३ मध्ये दिल्लीत हाच प्रश्न उभा राहिला. दोन मुलांची आई, आधीच्या बाळंतपणानंतर गंभीर मानसिक आजार, आणि गर्भ सव्वीस आठवड्यांच्या घरात. सर्वोच्च न्यायालयाने आधी परवानगी दिली. दुसऱ्याच दिवशी एम्सच्या डॉक्टरांनी विचारलं, गर्भ जगण्याची शक्यता आहे, हृदय थांबवायचं का? खंडपीठातल्या दोन न्यायमूर्तींचं एकमत झालं नाही. शेवटी १६ ऑक्टोबरला सरन्यायाधीशांच्या तीन सदस्यांच्या पीठाने परवानगी नाकारली. देशातल्या सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती ज्या प्रश्नावर दुभंगले, त्याच प्रश्नापुढे रात्रपाळीची नर्स एकटी उभी असते.

तिला निदान एक आधार आहे. २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की गर्भपाताच्या प्रयत्नात मूल जिवंत जन्मलं, तर त्याला आवश्यक ते सगळे उपचार द्यायचे, आणि आईवडील जबाबदारी घेऊ शकत नसतील तर सरकारने घ्यायची. म्हणजे ‘आता काय करू?’ या प्रश्नाचं उत्तर आहे. पण ते नर्सला त्या क्षणी माहीत हवं, आणि बालरोगतज्ज्ञाला केव्हा बोलवायचं हे गोळी देण्याआधी ठरलेलं हवं. ते न ठरवता तिच्यावर सोडून देणं हा तिच्यावर अन्याय आहे.

‘मला हे काम नको’ असं नर्स म्हणू शकते का?

सद्सद्विवेकाच्या कारणावरून एखाद्या कामात भाग घ्यायला नकार देणं, याला विवेकाधारित नकार म्हणतात. ब्रिटनच्या १९६७ च्या गर्भपात कायद्यात कलम ४ मध्ये हा हक्क लिहिलेला आहे. पण तो कुठपर्यंत पुरतो? ग्लासगोच्या एका हॉस्पिटलमधल्या दोन कॅथलिक सुईणी लेबर वॉर्डच्या समन्वयक होत्या. त्यांचं म्हणणं होतं की गर्भपाताच्या पेशंटसाठी ड्युटी लावणं, इतर नर्सवर देखरेख करणं, हेसुद्धा भाग घेणंच झालं. स्कॉटलंडच्या न्यायालयाने ते मान्य केलं. डिसेंबर २०१४ मध्ये ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल फिरवला: नकार देता येतो तो प्रत्यक्ष हातांनी करायच्या कामाला, ड्युटी लावणं त्यात येत नाही. स्वीडनमध्ये असा हक्कच नाही. तिथे गर्भपातात मदत करणार नाही म्हणणाऱ्या दोघींना सुईणीची नोकरी मिळाली नाही आणि २०२० मध्ये युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने त्यांच्या तक्रारी फेटाळल्या.

भारतात? एमटीपी कायद्यात असं कलमच नाही. डॉक्टरांच्या २००२ च्या आचारसंहितेत तर उलटं आहे: वैद्यकीय कारण असताना केवळ धर्माच्या कारणावरून गर्भपाताला नकार देता येणार नाही. नर्सच्या आंतरराष्ट्रीय परिषदेची आचारसंहिता नकार द्यायला मुभा देते, पण लगेच अट घालते की पेशंटला वेळेवर आणि आदराने सेवा मिळेल हे पाहायचं.

ही अट एसटीच्या चालकावरून चटकन कळते. त्याला रजा हवी असेल तर त्याने डेपोत सांगावं, दुसरा माणूस गाडी नेईल. भरली गाडी घाटात उभी करून तो उतरून जाऊ शकत नाही. नर्सचंही तसंच. नेमणूक होताना, ड्युटीचा तक्ता लागताना मेट्रनला सांगता येतं. रक्तस्राव सुरू झाल्यावर नाही. आणि आणीबाणीत तर मुळीच नाही: बाईचं बीपी उतरत असताना, ताप चढत असताना कुणाच्याही विवेकाला तिथे जागा नाही.

नकार न देताही अडवता येतं

बेळगावात ज्यांचं घर होतं त्या सविता हलप्पनवार यांचं प्रकरण मराठी घरांतही पोचलं होतं. आयर्लंडमध्ये राहणाऱ्या, एकतीस वर्षांच्या दंतवैद्य. ऑक्टोबर २०१२ मध्ये सतराव्या आठवड्यात गर्भ वाचणार नाही हे कळलं होतं, तिने गर्भपात मागितला, पण गर्भाचं हृदय चालू होतं आणि तिथल्या कायद्याने हात बांधलेले होते. आठवड्याच्या आत जंतुसंसर्गाने ती गेली. चौकशीत दोन गोष्टी बाहेर आल्या. एक, वरिष्ठ सुईणीने गर्भपात का होत नाही हे सांगताना कॅथलिक देशाचा उल्लेख केला होता. आपण दुखवायला बोललो नव्हतो, माहिती देत होतो, असं तिने साक्षीत सांगितलं आणि माफीही मागितली. दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते: नाडी, ताप, बीपी ठरल्याप्रमाणे दर चार तासांनी बघितलं गेलं नाही. कायदा बदलणं नर्सच्या हातात नव्हतं. थर्मामीटर होतं. आयर्लंडने २०१८ च्या सार्वमतात ६६.४ टक्क्यांनी घटनेतली बंदी उठवली, आणि नव्या कायद्यात विवेकाधारित नकार ठेवला, पण पेशंटला दुसऱ्याकडे सोपवण्याच्या बंधनासह.

आपल्याकडे धर्माच्या नावाने उघड नकार क्वचित दिसतो. आपल्याकडे अडवणूक वेगळ्या रूपात येते. ‘‘तेव्हा कळलं नाही का?’’ असं ऐकवलं जातं. नवऱ्याची सही आणा म्हटलं जातं. कॉपर-टी बसवून घेतलीस तरच, किंवा ऑपरेशन करून घेतलंस तरच करू, असं सांगितलं जातं. दुखण्याचं इंजेक्शन उशिरा दिलं जातं. बाळंतिणींच्या रांगेत, तान्ह्या बाळांच्या रडण्यात तिला खाट दिली जाते. यातलं काहीही कायद्यात नाही. अठरा पूर्ण झालेल्या, मानसिक आजार नसलेल्या बाईची एकटीची संमती पुरते. २०२२ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने कायद्याबाहेरच्या अटी घालू नका असं स्पष्ट बजावलं. गर्भनिरोधन ही गर्भपाताची पूर्वअट नाही, हे सरकारच्याच मार्गदर्शक सूचनांत आहे.

मनातून नापसंत असलेलं काम हातून करताना राग कुठेतरी निघतो, तो पेशंटवर निघतो. उघडपणे ‘मला नको’ म्हणायची सोय नसली की हे आणखी वाढतं. म्हणूनच मला नकाराची लिखित, आधी ठरलेली सोय हवीशी वाटते. ज्या नर्सला हे काम जमणार नाही ती सन्मानाने बाजूला झाली, तर खाटेजवळ जी राहील ती मनाने राहील.

पण लिंग तपासून आलेली असेल तर?

हा आक्षेप महाराष्ट्रात टाळताच येणार नाही. २०११ च्या जनगणनेत राज्यात शून्य ते सहा वयोगटात हजार मुलग्यांमागे ८९४ मुली होत्या, बीड जिल्ह्यात ८०७. परळीचं २०१२ चं स्त्रीभ्रूणहत्येचं प्रकरण, २०१७ मध्ये सांगलीच्या म्हैसाळमध्ये सापडलेले १९ गर्भ, हे कुणी विसरलेलं नाही. तेव्हा दोन मुलींची आई चौथ्या महिन्यात आली की नर्सच्या मनात शंका येणं साहजिक आहे.

शंका आली तर काय करावं? लिंगनिदानविरोधी कायदा इथे शहाणपणाने बाईऐवजी दुसरीकडे बोट दाखवतो. बाईवर नवऱ्याने आणि सासरच्यांनी दबाव आणला असंच तो गृहीत धरतो, उलट सिद्ध होईपर्यंत. दोषी ठरतो तो सोनोग्राफी करून लिंग सांगणारा. त्यामुळे कुठल्या सेंटरवरून ती आली याची माहिती डॉक्टरांमार्फत जिल्ह्याच्या समुचित प्राधिकाऱ्याकडे, म्हणजे या कायद्यासाठी नेमलेल्या अधिकाऱ्याकडे, जावी. बाईला उलटतपासणी घेऊन रडवायचं नाही. आणि नऊ आठवड्यांच्या आतल्या गोळ्यांवर संशय घेण्यात तर अर्थच नाही, कारण सोनोग्राफीत लिंग दिसतं ते त्यानंतर काही आठवड्यांनी. तरी या भीतीपोटी अनेक औषध दुकानांनी गोळ्या ठेवणंच सोडलं, आणि बायका उशिराच्या, जास्त धोक्याच्या टप्प्यात येऊ लागल्या.

सोळा वर्षांची मुलगी आली तर?

पॉक्सो कायद्याच्या कलम १९ प्रमाणे अठराखालच्या मुलीवर लैंगिक गुन्हा झाल्याचं कळलं तर प्रत्येक व्यक्तीने पोलिसांना कळवायला हवं. नर्सनेही. न कळवल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड. पण मुलगी म्हणते, त्याच्यावर केस करू नका, आमचं प्रेम आहे. आई म्हणते, नाव बाहेर गेलं तर लग्न होणार नाही. पोलिसांचं नाव काढताच या दोघी उठून गावातल्या भोंदूकडे जातील, ही भीती खरी आहे.

२०२२ च्या निकालाने इथे मधला रस्ता काढला: मुलीने आणि पालकाने विनंती केली तर डॉक्टरने पोलिसांना गुन्ह्याची माहिती द्यावी, पण मुलीचं नाव-गाव उघड करायची गरज नाही. हे आई-मुलीला समजावून सांगायचं काम जवळपास नेहमी नर्सवर येतं, कारण डॉक्टरांसमोर त्या बोलत नाहीत.

गुप्ततेचे नियम तसे फार कडक आहेत. एमटीपीचं रजिस्टर हा गोपनीय दस्तऐवज आहे. बाईचं नाव फक्त त्यात. केसपेपरवर, थिएटरच्या रजिस्टरमध्ये नावाऐवजी अनुक्रमांक लिहायचा असतो. आणि मग भरल्या वॉर्डात कुणीतरी हाक मारतं, ‘‘ती अबॉर्शनवाली कोण आहे गं?’’ सगळ्या खाटांवरची डोकी वळतात. मावशींपासून मेट्रनपर्यंत सगळ्यांना पहिल्या दिवशी शिकवायची गोष्ट कुठली असेल तर ही.

तुमच्या घरातल्या कुणावर ही वेळ आली तर

सज्ञान असाल तर सही तुमची एकटीची. सोबत कुणी हवं असेल तर ते तुमच्यासाठी, कागदासाठी नाही. दुखतंय तर औषध मागा, आणि किती वाजता मिळेल ते विचारा. थंडी-ताप गोळ्यांनी येऊ शकतो, पण तासाभरात दोन पॅड पूर्ण भिजले, तेही लागोपाठ दोन तास, तर बेल वाजवा, लाजू नका. बाळंतिणींच्या जवळची खाट नको असेल तर तसं सांगा, बदलून मिळण्यासारखी असते. कॉपर-टीला नंतर हो म्हणता येतं. एखादी सिस्टर म्हणाली की मी हे काम करत नाही, तर तिच्याशी वाद घालू नका. फक्त विचारा: तुमच्या जागी कोण येणार आहे, आणि किती वाजता?